गजग्याची कुपाटी

गजगा दगडावर घासला की तापतो आणि तापलेला गजगा अंगाला लावला की फोड येतो, हे मला बानोनं शिकवलं. शिकवलं म्हणजे माझ्याच मांडीला लावून शिकवलं. मी किंचाळले तशी ती टाळ्या पिटून म्हणाली, "झाली, झाली! आता तू आमच्या गावची झाली."

गजगा म्हणजे सागरगोटा. राखाडी, गुळगुळीत, बोराएवढं बी. पाच गजगे घेऊन आम्ही पोरी उडवायचो, झेलायचो आणि हरणारीला चटके द्यायचो. बानो बद्रुद्दीन पिंजाऱ्याची. त्यांचं घर माझ्या मावशीच्या घराला लागून होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची. एकट्या बाईला सोबत म्हणून आईनं मला मावशीकडं ठेवलं होतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. मलकापूर आमच्या गावाहून सहा कोस. कापसाच्या गाड्या पहाटे निघायच्या आणि पुष्कळ उशिरा रिकाम्या परत यायच्या.

मावशीचं नाव मनकर्णाबाई. नवरा तापानं गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. दोन खणांचं घर, पुढं मोठं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात तुराट्यांचा आडोसा केलेली न्हाणी, एवढं तिचं. पण ते अंगण गावाच्या अगदी टोकाला होतं. त्याच्या एका बाजूला मलकापूरचा गाडीरस्ता, दुसऱ्या बाजूला उकंडरावांचं वावर. उकंडराव म्हणजे मावशीचे थोरले दीर, तिचे भासरे. वावरातून रस्त्यावर जायला त्यांना सगळ्या गावाला वळसा पडायचा. मावशीच्या अंगणातून गेलं की साठ पावलं.

दिवाळी झाली की मावशी बोराटी तोडून आणायची. बोरीच्या वाळक्या काटेरी फांद्या अंगणाभोवती रचायची. हात रक्तानं भरायचे, पण कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपण, उभी राहायची. शिमग्यापर्यंत टिकायची. मग होळीच्या दिवशी दिवे लागायच्या वेळी पोट्टे बोंबा ठोकत यायचे आणि कुपाटी उचलून न्यायचे. होळीला लाकूडफाटा चोरायची रीतच होती. त्या दिवशी कुणी कुणाला चोर म्हणत नसे, आणि होळीवर एकदा लाकूड पडलं की ते परत मागायचं नसे. गावात सगळ्यांचंच काही ना काही जायचं. कुणाची बाज, कुणाच्या गोवऱ्या. पण मावशीची सगळी कुपाटी जायची, दर वर्षी, आणि पोट्ट्यांच्या मागं उकंडरावांचे दोन सालदार असायचे.

दुसऱ्या दिवशी धुळवड. तिसऱ्या दिवशी उकंडरावांची गाडी अंगणातून.

आधी शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा कापूस जायचा, मग कडबा, मग शेणखत. मृगापर्यंत तीन महिने आमचं अंगण म्हणजे रस्ता. न्हाणीच्या आडोशाला चाक घासून जायचं. गाडीवान उंच बसलेला, त्याला आतलं सगळं दिसे. त्या तीन महिन्यांत मावशी तांबडं फुटायच्या आधी आंघोळ करायची आणि दिवसभर पदर आवळून बसायची. मला म्हणायची, "अंबू, लवकर न्हाऊन घे व. उजाडलं की हे घर आपलं नाई."

मी गेले त्या वर्षी होळीनंतर गाडी आली तेव्हा उकंडराव स्वतः सोबत चालत होते. उंच माणूस, डोक्याला केशरी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. मावशी दारात उभी राहिली. भासऱ्याशी बाईनं बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, सावलीसुद्धा ओलांडायची नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून दोघं सहा हातांवर उभे राहून माझ्या तोंडून भांडायचे.

"अंबू," मावशी डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "मोठ्या बाबाले इचार, लोकाच्या घरातून गाडी काऊन नेऊन राह्यले?"

मी विचारायला तोंड उघडलं, तोवर उकंडरावांनी उत्तर दिलं, तेही माझ्याकडं पाहून. "तिले सांग पोरी, वाट हाय म्हणून नेऊन राह्यलो. सात-आठ वर्सं झाली. वाहती वाट अडवता येत नाई. वहिवाट म्हणतात त्याले."

"त्याईले म्हणा, आठ वर्सं कुपाटी होती. होळीत कोणं नेली ते बी सांगा."

"तिले म्हणा, होळीचा चोर कोणं पाह्यला?" उकंडराव हसले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "आन् हे बी सांग. एकट्या बाईनं गावच्या टोकाले राहून काय कराचं? म्हणा, वाड्यात ये, दयण-कांडण कर, दोन घास मिळतीन. जागा मोकळी होईन."

मावशीनं निरोप ऐकायची वाट पाहिली नाही. आत गेली आणि दार लावलं. त्या रात्री ती जेवली नाही, पण रडलीही नाही. चुलीपुढं बसून काडीनं राखेत रेघा ओढत होती. मी पाहिलं, तर ती अंगणाचा चौकोन काढत होती.

सकाळी म्हणाली, "वाळकी कुपाटी नाई लावाची आता. वाळकी हाय म्हणून तं होळीत जाते. हिरवी लावू. मुळासकट जमिनीत रुतलेली."

निवडुंग लावावा तर त्या सुमारास त्याला पांढरी कीड लागून फडच्या फड सडत होते. बाभळीला वर्षं लागतात आणि तिच्या बुंध्यांमधून माणूस आरामात जातो. मी आणि बानो ओट्यावर गजगे खेळत होतो. मावशीची नजर आमच्या हातांवर गेली.

"बानो, हे गजगे कुठून आणले व?"

"अब्बा लाते, मौसी. बुलढाण्याच्या घाटात जाळ्याच जाळ्या हायेत. अब्बा म्हणते, त्या जाळीत एकदा बकरी घुसली होती, तिची नुसती दाढी बाहेर आली."

बद्रुद्दीनचाचा धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे. पुढच्या फेरीत त्यांनी मावशीसाठी पोतंभर गजग्याच्या शेंगा आणल्या. शेंगांवरही काटे, पोत्यातून बाहेर आलेले. चाचांच्या पाठीचा सदरा चाळणीसारखा झाला होता.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, "तुमच्यासाठी काटे वाहून आणले, आता कापूस पिंजायला बसलो तर कापूसच ओरडून राह्यला."

मावशी शेतकऱ्याची लेक. तिनं बियाणं निवडायचं तसे गजगे निवडले. सुपात घेऊन पाखडले. फुटका टाकला, डागाळलेला टाकला. चकचकीत, टणक, गोल गरगरीत असे दोनशे गजगे बाजूला काढले. आम्ही दोघींनी मोठ्या उदारपणानं आपले खेळायचे गजगे तिच्यापुढं ठेवले. घासून घासून त्यांच्या एका अंगाची साल गेली होती, कुठं कुठं आतलं पांढरं दिसत होतं.

मावशीनं एक उचलून पाहिला आणि परत दिला. "हे कायले? हे म्हाताऱ्याचे दात. असं झिजलेलं बी कोणी पेरते का?"

बानोचं नाक लाल झालं. मावशी अंगणाच्या चारी बाजूंनी चर खणून गजगे पेरत होती, तेव्हा आम्ही दोघींनी रुसून आपले नऊ गजगे न्हाणीमागच्या कोपऱ्यात पुरले. त्यांना दगडांचं वेगळं आळं केलं. बानो म्हणाली, "आपलं शेत वेगळं. मौसीले देऊ नको."

त्या दिवशी शेजारच्या अन्नपूर्णाबाई पाणी घेऊन जाताना थांबल्या. गावात काही घडलं की आधी त्यांना कळायचं आणि मग सगळ्यांना. त्या म्हणाल्या, "मनकर्णे, दारात काटेरी झाड लावू नाई व. घरात भांडण येते."

मावशीनं कुदळ थांबवली नाही. "भांडण तं कधीचं येऊन बसलं हाय, काकू. झाड आता येऊन राह्यलं. झाडाले कायले दोष देता?"

मृग झाला, आर्द्रा झाली. कपाशी बोटभर वर आली. चरात एकही कोंब नाही. मावशी रोज उकिडवी बसून माती निरखायची. गावात हसू व्हायला लागलं. उकंडराव एकदा कुपाटीच्या जागेवरून सावकाश चालत गेले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "तिले सांग, गोटे पेरल्यावर गोटेच उगवतात."

पुनर्वसू लागला आणि न्हाणीमागं बानो ओरडली. तिच्या ओरडण्यानं मला वाटलं साप निघाला. आमच्या नऊ गजग्यांतले सात उगवले होते. जाड, पोपटी कोंब, आणि बोटभर उंचीवरच त्यांना काटे होते.

मावशी आली. तिनं कोंब पाहिले, मग उठून चरातला एक गजगा उकरला. पुरला तेव्हा होता तसाच होता, चकचकीत. दगडावर आपटला तरी फुटेना. ती तो हातात फिरवत बसली.

"मौसी," बानो जरा भीतच म्हणाली, "आमचे घासलेले होते."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. मग हातातला गजगा, मग पुन्हा बानो. आणि ती जी हसत सुटली! मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "निवडून निवडून मी दगड पेरले व माय! चांगलं चांगलं म्हणून जे घेतलं त्याले पाणी शिरालेच जागा नाई. आन् पोट्ट्याईनं वापरून टाकून देल्लं ते उगवलं!"

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या पोरींना आवतण गेलं. मावशीनं पाटा ओट्यावर आणून मांडला. आणखी चार सपाट दगड मांडले. आम्ही चौदाजणी बसलो आणि गजगे घासायला लागलो. आतलं पांढरं दिसेपर्यंत घासायचं, त्यापुढं नाही. सगळ्या ओट्यावर खरखर खरखर आवाज. मध्येच कुणीतरी कुणाला चटका द्यायची आणि किंकाळी उठायची. मावशी गूळ-फुटाणे वाटत फिरत होती. "चटके द्या, पण गजगे हरवू नका व!" उकंडराव रस्त्यानं जाताना उभे राहिले, पाहिलं, त्यांना वाटलं पोरी खेळताहेत. ते निघून गेले.

घासलेले गजगे रात्रभर पाण्यात ठेवले. फुगले तेवढे पेरले. श्रावण संपायच्या आत चारी चरांत हिरवी रेघ उठली.

पुढच्या होळीला कुपाटी गुडघाभर होती. तिच्या बाहेरून मावशीनं राखणीला बोराटी लावली होती, ती पोट्ट्यांनी नेलीच. तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि दोन चाकोऱ्यांतली रोपं भुईसपाट झाली. मी रडले. मावशी चेचलेल्या बुडख्यांवर राख आणि शेण घालत म्हणाली, "रडू नको. मूळ खाली हाय. त्याले चाक दिसत नाई, चाकाले ते दिसत नाई."

आणि तसंच झालं. पाऊस पडल्यावर एका बुडख्याला चार-चार धुमारे फुटले. जिथं गाडी गेली होती तिथंच कुपाटी सगळ्यात दाट झाली. एकीत एक फांद्या गुंतल्या. काटे सरळ नव्हते, मांजराच्या नखासारखे आत वळलेले. पानाच्या दांड्यालाही खालून काटे. दिवाळीला कुपाटी माझ्या डोक्यावर गेली, पिवळी फुलं आली, काटेरी शेंगा लागल्या. मावशीनं रस्त्याच्या बाजूला एक माणूस जाईल एवढं दार ठेवलं आणि त्याला फळी लावली.

त्या होळीला पोट्टे आले, बोंबा मारत कुपाटीत शिरले, आणि बोंबा खऱ्या झाल्या. एकाचं धोतर आतच राहिलं. मावशी ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"या रे पोट्ट्याहो, या! लाजू नका! हिरवी कुपाटी होळीवर चढवा, जळते का पाहू!"

तिसऱ्या दिवशी गाडी आली. बैल कुपाटीपाशी थांबले. गाडीवानानं पराणी टोचली तशी ते मागं सरले आणि गाडीसकट आडवे झाले. उकंडरावांनी कुऱ्हाडी मागवल्या, पण त्यांचेच सालदार खाली मान घालून उभे राहिले. होळी होऊन गेली होती. होळीचं निमित्त नसताना दुसऱ्याच्या कुपाटीला कुऱ्हाड लावली तर ती उघड चोरी, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मग उकंडरावांनी मलकापूरला अर्ज केला, की भावजयीनं गावची जुनी वाट अडवली.

चैत्रात नायब तहसीलदार आले. बारीक, चष्मा लावलेला माणूस, घोड्यावर बसून कंटाळलेला. सोबत गावचे पटवारी भगवंतराव दौत-लेखणी घेऊन. निम्मं गाव रस्त्यावर जमलं. मावशीला रात्रभर झोप नव्हती. वाट आहे असं साहेबांनी लिहिलं की कुपाटी जाणार, आणि कुपाटी गेली की घर गेलं, मग वाड्यातलं दळण-कांडण. सकाळी माझी वेणी तिनं दोनदा सोडून पुन्हा घातली.

"वाट कुठून जाते?" साहेबांनी विचारलं.

"ही इथून, साहेब." उकंडरावांनी काठीनं थेट कुपाटीकडं दाखवलं. "धा वर्सं झाली. साऱ्या गावाले माहीत हाय."

भगवंतराव दौतीत पाहत होते. साहेब कुपाटी पाहत इकडून तिकडं फिरले. म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

मावशीनं पदर पुढं ओढला. माझ्याकडं वळली. आवाज मात्र रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल एवढा होता.

"अंबू, साहेबाले सांग, माह्यं म्हणणं काईच नाई. मोठे बाबा म्हणतात वाट हाय, तं असन. वाटेवरून माणूस चालते. त्याईले म्हणा, आपल्या वाटेनं चालून दाखवा. पलीकडं निघाले तं मी आजच घर सोडतो."

कुणीतरी मागून हसलं. बहुतेक बद्रुद्दीनचाचा. हसले नसते तर उकंडराव कदाचित गेले नसते. पण पिंजारी हसला, आणि साहेबही चष्म्यातून पाहत राहिले. उकंडरावांनी काठी बगलेत मारली, फेटा आवळला आणि एका चाकोरीच्या जागी, जिथं कुपाटी सगळ्यात दाट होती तिथंच, खांदा घालून शिरले.

दोन पावलं गेले. तिसऱ्याला फेटा अडकला. तो सोडवायला हात वर केला तसा हात अडकला. दुसऱ्या हातानं पहिला सोडवायला गेले, दोन्ही अडकले. मग त्यांनी जोरात मागं हिसका दिला, आणि सगळी कुपाटी त्यांच्यासोबत मागं आली आणि त्यांना घेऊन पुन्हा पुढं गेली.

"हलू नका!"

मावशी ओरडली होती. त्यांच्याकडं बघून, त्यांनाच. पदर खांद्यावर आला होता. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदा भासऱ्याशी बोलली.

"वढू नका, भावजी. वढलं की जास्त रुतते. जिथं हाये तिथं उभे राह्या. हा काटा मागं जाणाराले सोडत नाई. जरासं पुढं झुकलं की आपोआप निघते."

उकंडराव पुढं झुकायला तयार होईनात. गालावरून रक्ताची बारीक रेघ उतरत होती. शेवटी झुकले. मावशीनं हात लावायचा प्रश्नच नव्हता, तेवढी रीत तिनं पाळली. मला म्हणाली, "जाय अंबू, एकेक सोडव. घाई करू नको."

मी घाई केली नाही. बानो बाहेरून काटे मोजत होती, मोठ्यानं. चाळीसच्या पुढं गेल्यावर साहेबांनी तिला गप्प केलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. मी शेवटचा काटा सोडवला तेव्हा उकंडराव मागं वळून बाहेर आले. फेटा वर जाळीतच राहिला. तो काढायला मी हात वर केला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "त्याईची वाट हाय ना, जाता-येता घेऊन जातीन."

साहेबांनी घोड्यावर बसता बसता भगवंतरावांना सांगितलं, "लिहा. समक्ष पाहिलं. या जागी वाट नाही, जुनी दाट कुपाटी आहे."

"जुनी?" भगवंतराव पुटपुटले.

"बुंधे मनगटाएवढे आहेत. तुम्हाला आत जाऊन मोजायचे असतील तर मोजा."

भगवंतरावांनी लिहिलं.

उकंडराव बोडक्या डोक्यानं गावातून गेले. फेटा मागायला ते आले नाहीत आणि कुणाला पाठवलंही नाही. तो केशरी कपडा त्या कुपाटीवर पावसाळ्यापर्यंत लोंबत होता. चिमण्या त्याचे धागे नेत होत्या. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे पत्ता विचारत आले, तर गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं, "फेट्याच्या कुपाटीवर जा."

पण मला आठवतं ते त्याच दिवसाचं. लोक अजून रस्त्यावर घोटाळत होते. ऊन डोक्यावर आलं होतं. मावशी घरात गेली, आतून घंगाळ उचलून आणलं, न्हाणीत ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, आता? भर दुपारी? सारे लोक बाहेर हायेत."

"बाहेर हायेत ना?" ती म्हणाली. "मंग?"

आणि तुराट्यांच्या आडोशामागून पाण्याचा आवाज यायला लागला. तांब्यावर तांब्या, सावकाश, मोठ्यानं. रस्त्यावरच्या लोकांनाही तो ऐकू गेला असणार, कारण एकेक करून सगळे निघून गेले. ती बराच वेळ न्हात होती. मध्येच म्हणाली, "अंबू, आणखी एक घागर दे व."